रेडिओ ओळखला, आजी नाही ओळखली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही सॅम्पलिंगवर पानभर लेख छापला. त्याचा एकूण सूर असा की दुसऱ्याच्या गाण्यातला तुकडा कापायचा, आपल्या गाण्यात चिकटवायचा आणि वर त्याला प्रयोग म्हणायचं ही सरळसरळ चोरी आहे आणि असल्यांना कोर्टात खेचलं पाहिजे. लेख दोनदा वाचला, मग रात्री डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र टाइप करतोय. मोबाईलवर लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आधी माझं सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. मी बावीस वर्षं बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड, त्यात हवे ते आवाज भरता येतात) वाजवला, लालबाग-परळपासून पार विरारपर्यंत, गणपती, नवरात्र, लग्नाच्या वराती, हळदी, सगळं. वरातीत वाजवायला कायद्यानेच सूट आहे, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाच्या वरातीचा चक्क उल्लेख आहे, त्यामुळे त्या बाबतीत मी सज्जन. पण ऑक्टोपॅडचं काय? आमच्या पॅडमध्ये संबळाचा एक आवाज होता, एकच ठोका, पण असा कडक की टेम्पोवरून वाजवला की चौथ्या मजल्यावरची माणसं गॅलरीत यायची. तो आवाज आम्ही तयार केलेला नव्हता. कोणीतरी कुठल्यातरी गोंधळ्याचा संबळ रेकॉर्ड करून त्यातला ठोका कापला होता आणि तो पेनड्राइव्हवरून या पार्टीकडून त्या पार्टीकडे असा फिरत फिरत आमच्याकडे आला. त्या एका ठोक्यावर मी किती सुपाऱ्या वाजवल्या असतील देव जाणे, आणि तो गोंधळी कोण, कुठला, आहे की गेला, हे मी बावीस वर्षांत एकदाही कोणाला विचारलं नाही. तुमच्या लेखकाच्या हिशोबाने मी चोर. माझ्या हिशोबाने चोरी त्या ठोक्याची नव्हती, न विचारण्याची होती. हा फरक लेखात कुठेच नाहीये आणि सगळी मेख तिथेच आहे.

आता यावर्षी घरात जे झालं ते सांगतो. माझा भाचा लॅपटॉपवर संगीत करतो, म्हणजे तो त्याला संगीत म्हणतो, माझी बहीण त्याला खरखर म्हणते. लोकलच्या अनाउन्समेंट, प्रेशर कुकर, जुन्या कॅसेटी, असलं कायकाय एकत्र करतो. आमच्या आईची एक कॅसेट आहे १९९६ सालची. पाटण तालुक्यातल्या घरी पहाटे ती जात्यावर दळत होती आणि मी गंमत म्हणून टू-इन-वन शेजारी ठेवून तिच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. जात्याची घरघर, मधेच खुंटा हलल्याचा आवाज, आई दमली की ओवी थांबते आणि घरघर तेवढी चालू राहते. भाच्याने त्यातला तुकडा घेतला, खाली लोकलच्या रुळांचा आवाज लावला आणि ते व्हिडिओच्या साइटवर टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, "मामा, आजीवर क्लेम आलाय."

मी म्हटलं आजीवर कसला क्लेम, ती काय एलआयसी आहे का. तर झालं असं की रेकॉर्डिंगच्या वेळी शेजारच्या ओट्यावर रेडिओ चालू होता, त्यावर एक हिंदी गाणं लागलेलं, ओवीच्या मागे जेमतेम दहा-अकरा सेकंद अंधुक ऐकू येतं, मला तर इतक्या वर्षांत कधी लक्षातही आलं नव्हतं. त्या साइटच्या मशीनने ते बरोब्बर पकडलं आणि एका कंपनीच्या नावे क्लेम लावून टाकला, आता त्या व्हिडिओवर काही पैसे आलेच तर ते कंपनीला जाणार. मशीनला मागचा रेडिओ ऐकू आला, पुढे तोंडाशी बसून गाणारी आजी नाही ऐकू आली. कारण रेडिओतलं गाणं कोणाच्या तरी मालकीचं म्हणून नोंदलेलं आहे आणि आजी कुठेच नोंदलेली नाहीये. आम्ही तक्रार टाकलीय, उत्तर आलेलं नाही.

गंमत म्हणजे कायद्याने आजी नोंदलेली नसली तरी रिकामी नाहीये. आपल्याकडे गाणाऱ्या माणसाचा स्वतःचा हक्क असतो, परफॉर्मरचा हक्क, तो गायल्यापासून पन्नास वर्षं चालतो. म्हणजे त्या १९९६ च्या पहाटेचा हक्क २०४६ संपेपर्यंत माझ्या आईचा आहे. हे मला एका ओळखीच्या वकिलाने सांगितलं तेव्हा मी आईला सांगितलं, तर ती म्हणाली मग मी तोवर जगायचं का काय.

आणि खरा प्रश्न तर पुढेच आला. भाच्याने तिला हेडफोन लावून ते ऐकवलं. मला वाटलं खूश होईल. तिने हेडफोन काढला आणि म्हणाली, "आरं, तू मधीच तोडलंस की. फुडं माझ्या भावाचं नाव येतं." भाच्याने काय केलेलं, ओवीच्या पहिल्या ओळीतला आवाजाचा हेलकावा आवडला म्हणून तेवढाच कापून पुन्हा पुन्हा वाजवलेला, आणि ज्यासाठी ती ओवी होती तो मामा, म्हणजे माझा मामा, कधी येतच नव्हता. त्याला नुसता आवाज हवा होता, तिला भाऊ हवा होता. त्याने निमूटपणे परत बसून ते बदललं, आता शेवटी एकदा पूर्ण ओवी येते नावासकट. आणि खरं सांगू का, आता ते आधीपेक्षा चांगलं झालंय, तोपर्यंत नुसता आवाज हेलकावे खात असतो आणि मग अचानक नाव ऐकू आलं की अंगावर काटा येतो. त्याला परवानगी मागायला लागली म्हणून त्याचा प्रयोग मेला नाही, उलट सुधारला.

आता सगळ्यांनाच आजी घरात मिळत नाही. पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अफुनाक्वा नावाच्या बाईंनी एक अंगाई गायली होती, ती १९७० च्या सुमारास ह्युगो झेम्प नावाच्या अभ्यासकाने रेकॉर्ड केली आणि युनेस्कोच्या मालिकेत तिची रेकॉर्ड निघाली. अंगाईचा अर्थ असा की आईबाप गेलेत आणि मोठं भावंड धाकट्याला सांगतंय रडू नको. १९९२ मध्ये डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीने तो आवाज उचलून त्याखाली ड्रम आणि सिंथेसायझर लावला, जगभर हिट झालं, जाहिरातींत वाजलं. अल्बमवर सगळा माहोल आफ्रिकेतल्या पिग्मींचा. तर पुढे १९९६ मध्ये यान गारबारेक हा नॉर्वेचा मोठा सॅक्सोफोनवाला, त्याने तीच चाल वाजवली आणि नाव काय दिलं तर पिग्मी अंगाई! म्हणजे बाई पॅसिफिकमधली, आणि नाव लागलं मध्य आफ्रिकेचं, मधे अख्खा एक महासागर आणि वर एक खंड. त्यात गारबारेकचा वाईट हेतू असेल असं मला अजिबात वाटत नाही, त्याच्यापर्यंत नाव पोचलंच नाही एवढंच. एकाने नाव गाळलं की दुसरा चुकीचं लावतो, तिसरा म्हणतो पारंपरिक आहे, आणि पारंपरिक म्हटलं की मग कोणाचंच नाही, घ्या हवं तेवढं. आमच्या संबळाचं तेच झालं.

तैवानचे दिफांग यांचं नशीब जरा बरं. अमीस या आदिवासी जमातीतले शेतकरी, १९८८ मध्ये एका कार्यक्रमासाठी त्यांना आणि बायकोला पॅरिसला नेलं, तिथे गाणं रेकॉर्ड झालं. ते जर्मनीतल्या एनिग्मा या संगीत प्रकल्पाच्या गाण्यात गेलं, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या प्रचारात जगभर वाजलं, आणि दिफांग यांना पत्ताच नाही. १९९८ मध्ये खटला, १९९९ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड, पैसे मिळाले आणि नाव लागलं. पण ऑलिंपिक होतं म्हणून. अमेरिकेतल्या विन्स्टन्स बँडच्या ड्रमरला, ग्रेगरी कोलमनला, तेही मिळालं नाही. त्याने १९६९ मध्ये एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूच्या गाण्यात सहा-सात सेकंद एकट्याने ड्रम वाजवला, तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला, इंग्लंडमधला जंगल आणि ड्रम अँड बेस हा नाचाच्या संगीताचा सगळा प्रकारच त्यावर उभा राहिला. माझ्या ऑक्टोपॅडमध्येही तो होता, मला तेव्हा माहीत नव्हतं तो कोणाचा. कोलमन २००६ मध्ये गेला, शेवटी बेघर होता. बँडच्या प्रमुखासाठी २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या चाहत्यांनी ऑनलाइन वर्गणी काढली, चोवीस हजार पाउंड जमले, पण ज्याचे हात होते तो राहिला नव्हता.

तुमचे लेखक म्हणतात कायदा कडक करा. कायदा कडकच आहे हो, फक्त कोणासाठी ते बघा. जर्मनीत क्राफ्टवेर्क या बँडच्या १९७७ च्या गाण्यातला दोन सेकंदांचा ठोका १९९७ मध्ये एका निर्मात्याने वापरला, त्यावर वीस वर्षांच्या वर खटला चालला, तिथल्या घटना न्यायालयापर्यंत गेला, युरोपच्या कोर्टापर्यंत गेला. दोन सेकंद! आपल्याकडचं घ्या. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या गाण्यात 'थोडा रेशम लगता है' मधला लताबाईंचा आवाज जसाच्या तसा होता, ज्योती सिनेमा, १९८१, संगीत बप्पी लाहिरी. सारेगामा कंपनीने कोट्यवधी डॉलरचा दावा ठोकला, आणि लॉस एंजेलिसच्या कोर्टाने २००३ मध्ये सांगितलं की बप्पीदांचं नाव लावल्याशिवाय अल्बम विकायचा नाही. मला हा निकाल आवडतो, नाव लावा आणि विका. पण त्यात ज्यांचा आवाज होता त्यांना काय? लताबाईंनी साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून भांडण केलं, रफीसाहेबांशी त्यावरून काही वर्षं बोलणं बंद होतं, आणि गायकांचा रॉयल्टीचा हक्क आपल्या कायद्यात स्पष्टपणे आला २०१२ च्या दुरुस्तीत. पन्नास वर्षं. तेही त्यांना.

आणि मालकीचा घोळ तरी किती असावा. त्याच कंपनीने टिंबालँड या अमेरिकन निर्मात्यावर 'बागों में बहार है' मधला एक सेकंदाचा तुकडा वापरला म्हणून खटला भरला. आराधना, १९६९. २०११ मध्ये अटलांटाच्या अपील कोर्टाने १९६७ चा जुना करार वाचून सांगितलं की कंपनीचा हक्क फक्त दोन वर्षांचा होता, नंतर तो सिनेमाच्या निर्मात्याकडे गेला, सबब दावा फेटाळला. म्हणजे इतकी वर्षं मालक म्हणून वावरणाऱ्याकडे मालकी नव्हतीच. आता माझ्या भाच्याने परवानगी मागायची झाली तर कोणाकडे मागायची सांगा. आपल्या कायद्यात गाण्याचं कव्हर करायचं असेल तर निदान रस्ता आहे, पाच वर्षं झाली की आधी कळवा, ठरलेली रॉयल्टी भरा आणि करा (तीही किमान पन्नास हजार प्रतींची, माझ्या भाच्याला ऐकणारे चाळीस). पण मूळ रेकॉर्डिंगचा तुकडा घ्यायचा तर असा काही रस्ताच नाही, मालक नाही म्हणाला की विषय संपला, आणि बहुतेक वेळा तो नाही सुद्धा म्हणत नाही, ईमेलला उत्तरच देत नाही.

यावर कोणी म्हणेल मग नुसतं नाव दिलं की झालं का. नाही झालं, मला माहितीये. जॉन ऑस्वल्ड नावाचा कॅनडाचा एक प्रयोगवाला, त्याने १९८९ मध्ये दुसऱ्यांच्याच रेकॉर्डी कापून, वेग बदलून, ताणून एक सीडी केली. प्रत्येक तुकडा कुठून घेतला ते वर लिहिलं, एक पैसा घेतला नाही, रेडिओ स्टेशनांना आणि लायब्ऱ्यांना फुकट वाटली. तरी रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने उरलेल्या प्रती नष्ट करायला लावल्या. कव्हरवर मायकेल जॅक्सनच्या फोटोचं केलेलं विडंबन झोंबलं असंही म्हणतात. तिथे मात्र मी ऑस्वल्डच्या बाजूने आहे. ज्याने नाव दिलं, पैसे कमावले नाहीत, आणि ज्याचं घेतलं त्याचं दुकान एक रुपयाने बसलं नाही, त्याच्या सीडी फोडून नेमकं कोणाचं भलं झालं?

चित्रांचंही तसंच. मला चित्रातलं फार कळत नाही, पण अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रावरचा निकाल वाचला. लिन गोल्डस्मिथ या बाईंनी १९८१ मध्ये प्रिन्स या गायकाचा फोटो काढला, १९८४ मध्ये एका मासिकाने चारशे डॉलर देऊन तो वॉरहॉलला चित्रासाठी दिला, छापताना बाईंचं नाव टाकलं. कोणाची तक्रार नाही. २०१६ मध्ये प्रिन्स गेल्यावर त्याच फोटोवरून वॉरहॉलने केलेलं दुसरं चित्र छापलं, वॉरहॉलच्या फाउंडेशनला दहा हजारांच्या आसपास डॉलर मिळाले, बाईंना शून्य आणि नावही नाही. तिथून पेटलं, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात सात विरुद्ध दोनने बाई जिंकल्या. आधी नाव आणि चारशे डॉलरमध्ये जे शांतपणे झालं होतं ते नंतर कोर्टात का गेलं, याचा तुमच्या लेखकाने जरा विचार करावा.

आणि हे नाव लावायचं आपल्याला कोणी बाहेरून शिकवायला नको. सौभद्राची जुनी छापील प्रत मिळाली तर उघडून बघा, १८८२ चं नाटक, बऱ्याच पदांच्या डोक्यावर छापलेलं असतं 'चाल –' आणि पुढे ती कशावरून घेतली ते. माझे आजोबा गिरणीत होते, नाटकवेडे, त्यांच्या ट्रंकेत अशी दोन-तीन पुस्तकं होती आणि लहानपणी मला वाटायचं चाल हे पदाचं आडनाव आहे. नाटककार किर्लोस्करांनी ती चाल घेतली, उघड सांगितलं घेतली म्हणून, आणि तरी ते पद त्यांचंच राहिलं, कोणी त्यांना चोर म्हणालं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडे छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस हे करत होता, आज सगळ्या जगाची गाणी ओळखणाऱ्या मशीनला जमत नाही? जात्यावरच्या ओव्यांचंच बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी फिरून लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आता पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर आहेत, आणि ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आहे, गाव आहे. एवढं काम होतं तर तीन मिनिटांच्या गाण्याखाली एक ओळ लिहायला काय होतंय.

माझं म्हणणं एवढंच की आपल्या कायद्यात कव्हरसारखाच छोट्या तुकड्यांसाठीही एक रस्ता करा. ठरलेले थोडे पैसे भरायचे, आणि नाव लावायचं, मालक कंपनीचं नाही, वाजवणाऱ्याचं, गाणाऱ्याचं. पैसे कमावत नसाल तर पैसे माफ, नाव माफ नाही. आणि माणूस जिवंत असेल, सापडण्यासारखा असेल, तर त्याला एकदा ऐकवा, तो काय म्हणतो बघा. यात भानगडी आहेत हे मला कळतं, गोंधळी शोधायचा कुठून, लोकगीत नक्की कोणाचं, गावाचं की घराण्याचं, आईची ओवी सुद्धा अर्धी तिच्या आईची आहे. पण आत्ता जे चाललंय त्यात या भानगडीत कोणी पडतच नाही, कंपनी आणि कंपनीचे वकील आपसात मिटवतात.

भाच्याने आता व्हिडिओखाली लिहिलंय: चाल – जात्यावरची. आवाज – आजीचं पूर्ण नाव, गाव, तालुका, १९९६. मागे शेजारचा रेडिओ. रूळ – मध्य रेल्वे, स्लो. आईचं नाव मी इथे देत नाहीये कारण तिने बजावलंय की पेपरात नको, तिकडे गाण्याखाली असू दे.

आपला,
एक जुना वाचक,
डोंबिवली (पूर्व)

ता.क. तुमच्या त्या लेखासोबत एक फोटो होता, रेकॉर्डवर हात ठेवलेला डीजे, छान होता. खाली नुसतं 'संग्रहित' लिहिलंय. कोणी काढला ते कळवावं.